आईबाबांना घेऊन हॉट स्प्रिंग्ज: आर्कन्सॉमधलं गरम पाण्याचं गाव

आईबाबा अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आले की पहिला महिना कौतुकात जातो. मग घर अंगावर यायला लागतं. डॅलसच्या उपनगरात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आम्ही दोघं कामावर, आणि समोरच्या रस्त्यावर दिवसभरात दिसणारा माणूस म्हणजे पार्सल टाकून जाणारा. नायगारा, न्यूयॉर्क हे सगळं आधीच्या खेपेला दादाकडे झालं होतं. आईचे गुडघे, बाबांचं बीपी आणि माझी मोजकी रजा एवढ्यात बसेल असं काहीतरी मी शोधत होते, तेव्हा आईनेच विचारलं, "तुमच्याकडे गरम पाण्याची कुंडं नसतात का गं?"

तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तुरळ, राजवाडी, आरवली हा हायवेच्या आजूबाजूचा सगळा पट्टाच गरम झऱ्यांचा. थंडीत भल्या पहाटे कुंडावर अंघोळीला जाणं हे तिच्या लहानपणातलं नेहमीचं. आमच्यापासून गाडीने साडेचार-पाच तासांवर शेजारच्या आर्कन्सॉ राज्यात चक्क 'हॉट स्प्रिंग्ज' नावाचं गाव आहे, हे सांगितल्यावर बेत ठरायला वेळ लागला नाही. निस्तरायला लागला.

हे लिहून ठेवतेय, कारण या गावाची माहिती हवी तेवढी मिळते, पण साडी नेसणाऱ्या सत्तरीतल्या बाईने तिथे नेमकं काय काढायचं, काय ठेवायचं आणि कोणासमोर, हे मला कुठेही सापडलं नाही.

पहिला गोंधळ नकाशातच झाला. हॉट स्प्रिंग्ज हे नॅशनल पार्क आहे, पण त्याला गेट नाही, तिकीटखिडकी नाही. पार्क आणि गाव एकमेकांत मिसळलेले. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या एका बाजूला दुकानं आणि खानावळी म्हणजे गाव, आणि समोरच्या फुटपाथवर ओळीने उभी असलेली जुनी स्नानगृहं म्हणजे पार्क. प्रवेश फी नाही, त्यामुळे वार्षिक पास वगैरे काढायच्या भानगडीत पडू नका. दुसरी गोष्ट आईला आधीच सांगावी लागली: इथे उघडं कुंड नाही. झरे आहेत, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांतले बहुतेक झाकून, पाणी नळांनी एकत्र करून स्नानगृहांना पुरवतात. बाहेर दोन-तीन ठिकाणी पाण्याला हात लावता येतो. अंघोळ मात्र इमारतीत, पैसे भरून.

आणि त्या ओळीतल्या आठ इमारतींपैकी पाण्यात उतरायला सर्वांसाठी खुल्या दोनच. क्वापॉ नावाच्या स्नानगृहात मोठे सामाईक हौद आहेत. पोहण्याचे कपडे घालून बायका-पुरुष एकत्र बसतात, चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि मंगळवारी बंद असतं. बकस्टाफ मात्र १९१२ पासून जुन्या पद्धतीने सलग चालू आहे: बायकांचा मजला वेगळा, पुरुषांचा वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र टब आणि मदतीला एक माणूस. आई पोहण्याच्या कपड्यात चारचौघांत बसणं शक्यच नव्हतं, म्हणून बकस्टाफ. तिथे आगाऊ नोंदणी होत नाही. जायचं, नाव द्यायचं, थांबायचं.

मग विमा. व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद मी पहिल्यांदाच नीट वाचले. आधीपासूनच्या आजाराने काही झालं तर ते 'अचानक उद्भवलेलं' असेल तरच पैसे देणार, अशी अट होती. गरम पाण्यात बसून बीपीवाल्या माणसाला चक्कर आली तर ते अचानक की आपणहून ओढवून घेतलेलं? अर्धा तास फोनवर संगीत ऐकल्यावर पलीकडच्या बाईने शांतपणे अट वाचून दाखवली, जी माझ्यासमोर होतीच. शेवटी रत्नागिरीच्या आमच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: गोळी चुकवायची नाही, उपाशी जायचं नाही, वाफेच्या पेटीत दोघांनीही बसायचं नाही, आणि बाबांनी टबात दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. मी हे इंग्रजीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, दोघांच्या गोळ्यांच्या नावांसकट, पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर पिशवीत ठेवलं. सांगायला हरकत नाही, अख्ख्या प्रवासात सगळ्यात कामाला आला तो हाच कागद.

राहण्याचं म्हणाल तर पार्काचं स्वतःचं गल्फा गॉर्ज नावाचं तंबूंचं मैदान आहे. बुकिंग फक्त सरकारी साइटवर, रोख पैसे चालत नाहीत, आणि गरम पाण्याच्या या गावातल्या त्या मैदानावर अंघोळीची सोय नाही. आम्ही सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूपासून चालत जाता येईल अशी मोटेलची खोली घेतली, रात्रीचे एकशेतीस डॉलर. खोलीत मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे ना एवढं फोन करून विचारून घेतलं. आई बरोबर असताना हे दोन प्रश्न साइटवरच्या रेटिंगच्या चांदण्या बघून सोडवता येत नाहीत.

शुक्रवारी, १८ ऑक्टोबरला सकाळी सातला निघालो. दशम्या, सुकी चटणी, दह्याचा डबा. आय-३० हायवे धरून टेक्सारकाना, तिथून आर्कन्सॉ. टेक्सासचा सपाटपणा संपून हळूहळू टेकड्या आणि पाईनची झाडं सुरू झाली तशी आई खिडकीला चिकटली. दर दीड तासाने थांबत गेलो, त्यामुळे पोचायला दीड वाजला.

गावाचा पहिला देखावा थोडा गमतीचा आहे. एकेकाळी फार श्रीमंत असलेलं आणि आता तेवढं नसलेलं गाव. १९२४ साली बांधलेलं आर्लिंग्टन हॉटेल रस्त्याच्या टोकाला किल्ल्यासारखं उभं आहे. शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन तिथे उतरायचा. जुगार इथे कित्येक वर्षं बेकायदा असूनही राजरोस चालायचा, तो १९६७ मध्ये खऱ्या अर्थाने बंद झाला. बेसबॉलचे संघ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हंगामाआधी अंग मोकळं करायला इथे येत. बिल क्लिंटन लहानाचे मोठे झाले तेही इथेच. आता फुटपाथवर फज आणि गारगोट्यांची दुकानं.

बाबांनी सामान टाकल्या टाकल्या विचारलं, "ऑफिस कुठे आहे यांचं?" जिल्हा परिषदेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ऑफिस बघितल्याशिवाय गावात आल्यासारखं वाटत नाही. ऑफिस म्हणजे फोर्डाइस, १९१५ चं स्नानगृह; १९६२ मध्ये बंद पडलं, १९८९ पासून पार्काचं माहितीकेंद्र आणि संग्रहालय. फुकट आहे, आणि माझं ऐकाल तर अंघोळीच्या आदल्या दिवशी हे बघाच. उद्या आपलं काय होणार आहे ते सगळं इथे मांडून ठेवलंय: टब, वाफेच्या पेट्या, चहूबाजूंनी फवारे मारणारा शॉवर. आईने प्रत्येक खोली बघितली. वाफेच्या पेटीतून फक्त मुंडकं बाहेर काढायची जागा बघून म्हणाली, "हे नाही हां." मी कागद दाखवला.

पुरुषांच्या दालनात छताला रंगीत काचा, मधोमध पुतळा. बायकांचं दालन त्याच्या निम्मंही नाही आणि छताला तसलं काही नाही. आई दोन्ही बघून बाहेर आली आणि म्हणाली, "एवढ्या लांब येऊन तेच."

बाबा पाट्या वाचत होते. १८३२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने हे झरे सरकारी राखीव जागा म्हणून बाजूला काढले. पहिलं नॅशनल पार्क म्हणून ओळखलं जाणारं यलोस्टोन त्यानंतर चाळीस वर्षांनी. नॅशनल पार्क हे नाव मिळालं १९२१ मध्ये. बाबांनी तारखा वहीत उतरवल्या आणि म्हणाले, "१८३२ म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं ते वर्ष." मग मला त्यांनी दुसऱ्या एका पाटीपाशी नेलं. या सगळ्या आलिशान इमारतींत लोकांना न्हाऊ घालणारे, अंग चोळणारे बहुतेक सगळे कामगार काळे होते, आणि त्यांना स्वतःला इथे अंघोळ करायला परवानगी नव्हती. त्यांची स्नानगृहं वेगळी, माल्व्हर्न अ‍ॅव्हेन्यूवर. "पाणी तेच?" बाबांनी विचारलं. पाणी तेच, त्याच डोंगरातलं. बाबा काही बोलले नाहीत, पण पाणवठ्यांचा इतिहास आपल्याला कोणी नव्याने सांगायची गरज नाही.

संध्याकाळी झरे बघायला निघालो. आर्लिंग्टन हॉटेलसमोरच्या हिरवळीला लागून डोंगरातून पाणी धबधब्यासारखं उतरतं आणि खालच्या डबक्यात साठतं. हवा गार होती, त्यामुळे वाफा दिसत होत्या. आईने चप्पल काढली, वाकली, दोन बोटं बुडवली आणि लगेच मागे घेतली. झऱ्यांचं पाणी साधारण ६२ अंश सेल्सिअसचं असतं. डबक्यात थोडं निवतं, तरी बेताने हात घाला. तिने बोटं नाकाजवळ नेली. "वास कुठाय?"

गंधकाचा वास नाही. आईच्या हिशेबाने हे गरम पाण्याचं कुंडच नव्हे. राजवाडीला कुंडाच्या अलीकडेच नाकाला कळतं. इथलं पाणी मात्र बिनवासाचं, बिनचवीचं, आणि म्हणूनच पिण्याजोगं. इथे ज्वालामुखी वगैरे नाही. आजूबाजूच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून दीड-दोन किलोमीटर खोल मुरतो, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतो आणि मोठी भेग सापडली की झपाट्याने वर येतो. खाली जायला हजारो वर्षं, वर यायला थोडाच काळ. शास्त्रज्ञांनी कार्बन मोजून काढलेलं या पाण्याचं वय सुमारे ४,४०० वर्षं. कोकणातले झरेही असेच, ज्वालामुखीचे नव्हेत तर खोल मुरून तापलेल्या पाण्याचेच आहेत. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, "ते असेल गं. पण वास हवा."

पिण्यासाठी रस्त्यालगत नळ आहेत, गरम पाण्याचे वेगळे आणि साध्या थंड झऱ्यांचे वेगळे. कितीही भरा, पैसे नाहीत. गावातले लोक गाडीतून मोठमोठे कॅन घेऊन येतात. आम्ही दोन कॅन बरोबर नेले होते. नसतील तर गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. गरम पाणी पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत भरू नका, बाटली मऊ पडते.

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही बकस्टाफच्या पायऱ्यांवर होतो. आठला दार उघडतं, आणि तरीही आमच्यापुढे बरेच लोक होते. शनिवार टाळता आला तर टाळा. दुपारी मध्ये काही वेळ बंद असतं आणि तीनच्या सुमारास नवीन माणसं घेणं थांबवतात, तेव्हा दहाला गेलो तरी चालेल असं समजू नका. खिडकीवर काय काय हवं ते विचारतात. नुसतं स्नान चाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या घरात, मालिशसकट घेतलं तर शंभराच्या आतबाहेर. अंग घासायचा लूफा वेगळा विकत घ्यावा लागतो. घ्या, नाहीतर मजा अर्धी. आम्ही तिघांनीही मालिश वगळली. मौल्यवान वस्तू ठेवायला लॉकर मिळतो. आईचं मंगळसूत्र आणि बांगड्यांचं काय, हा प्रश्न होता. मंगळसूत्र तिने काढलं नाही, कोणी काढायलाही सांगितलं नाही. गरम पाण्यात सोनं तापतं एवढं लक्षात ठेवा.

थांबणं झालं तासाभराच्या वर. बसायला खुर्च्या आहेत. आई गाऊन घालून आली होती, हे मी आधीच ठरवलं होतं. साडीच्या निऱ्या पुन्हा ओल्या हवेत घालण्यापेक्षा हे बरं, आणि वर तिची शाल. बाबांना पुरुषांच्या मजल्यावर एकट्याने जायचं होतं. त्यांना भाषेची नव्हे, दुसऱ्याच गोष्टीची काळजी. "चड्डी ठेवली तर चालते का, विचार." विचारलं. चालते. पोहण्याची चड्डी घालून स्नान करणारे पुष्कळ असतात. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि कागदाची एक प्रत घेऊन ते निघून गेले.

आम्ही लिफ्टने बायकांच्या मजल्यावर गेलो. पडद्याआड कपडे काढायचे, ते कपाटात ठेवायचे, किल्ली मनगटाला. आपण आतूनच हाक मारली की मदतनीस बाई पडद्याच्या फटीतून पांढरी चादर उघडून धरते. तिचं तोंड दुसरीकडे. आपण पाठ करून उभं राहायचं, ती मागून चादर गुंडाळते आणि खांद्यावर गाठ मारून देते. बास, एवढंच. ज्या गोष्टीसाठी आई दोन आठवडे मला "तू पुढे हो, मी बाहेर बसते" म्हणत होती, ती गोष्ट दहा सेकंदांत झाली. टबाच्या कोनाड्यापाशीही तेच: चादर आडवी धरली जाते, आपण पाण्यात उतरतो. आतून अंतर्वस्त्रं किंवा पोहण्याचा पोशाख ठेवायचा तर ठेवा, कोणी अडवत नाही.

आईला मिळालेली बाई साधारण तिच्याच वयाची, उंच, काळी, आवाज एकदम खर्जातला. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, गोळ्यांची नावंसुद्धा, आणि म्हणाली की वाफ नाही, टब कोमट, आणि ही बाई माझी जबाबदारी, तू तुझ्या टबात जा. मला जरा हाकललंच म्हणा ना.

टब जुना, चिनीमातीचा, लांबलचक. एका बाजूला पाणी घुसळणारं यंत्र. पाणी ३८-३९ अंशांच्या आसपास आणून देतात. प्यायला त्याच पाण्याचे दोन पेले. मग लूफा घालून हात, पाय, पाठ घासली जाते. माझ्या आणि आईच्या कोनाड्यांत एकच भिंत होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. एक जण इंग्रजीत बोलत होती, दुसरी मराठीत. आई "इकडे जरा, हां, इकडे" म्हणत होती आणि पलीकडून "येस मॅम" येत होतं. मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग आई मोठ्याने मला म्हणाली, "अगं, बाळंतिणीला न्हाऊ घालतात तसं घालतेय ही. तुझ्या वेळी सखूबाई घालायची, त्यानंतर आज."

टबानंतर छोट्या बसायच्या टबात कंबर शेकायची, मग ज्यांना चालतं त्यांना वाफेची पेटी. मी दोन मिनिटं बसले आणि पुरे म्हणाले. त्यानंतर पलंगावर आडवं करून गुडघे, पाठ, खांदे, जिथे दुखतं तिथे गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळतात आणि कपाळावर गार फडकं. आईचे दोन्ही गुडघे वीसेक मिनिटं शेकले गेले. तिला तिथेच झोप लागली. शेवटी फवाऱ्यांचा शॉवर, तो जरा अंगावर येतो. आईला तो हातानेच थोडक्यात दिला. पूर्ण प्रकाराला सव्वा तास धरा. मदतनीस बाईला टीप रोख द्यायची असते, कपडे काढायच्या आधी दहा-दहाच्या नोटा हाताशी ठेवा. आईने दिली. दोन्ही हातांनी, आणि वर हात जोडून. त्या बाईने आईच्या गालाला हात लावला.

खाली बाबा आमच्या आधी तयार होऊन बसले होते, केस विंचरलेले, चेहरा तुकतुकीत. "कसं झालं?" तर म्हणाले, "व्यवस्थित. त्यांनी दहा मिनिटांनी बरोबर बाहेर काढलं. घड्याळ लावलं होतं."

नंतरचे दोन तास काही ठरवू नका. पाणी प्या, आडवे व्हा. दोघंही मोटेलवर दुपारी चारपर्यंत झोपली. मी तेवढ्यात क्वापॉला जाऊन आले, पंचवीस डॉलर. हौद सुंदर आहेत, काचेच्या छपरातून उजेड येतो, पण गर्दीत गरम पाण्यात बसणं एवढंच त्यात आहे. मित्रमैत्रिणींबरोबर जायचं असेल तर हे, गुडघ्यांसाठी जायचं असेल तर ते.

संध्याकाळी हॉट स्प्रिंग्ज माउंटनवर गाडीने गेलो. रस्ता एकेरी, अरुंद, वळणावळणाचा. वर २१६ फुटी मनोरा आहे, तिकीट आहे, लिफ्ट आहे. गुडघेवाल्यांसाठी हा एकच खरा डोंगर. बाकी पायवाटा भरपूर आहेत, गोट रॉकची चांगली आहे म्हणतात, पण आमच्या कामाच्या नव्हत्या. मनोऱ्यावरून वॉशिटा डोंगरांच्या रांगा एकामागून एक निळ्या होत गेलेल्या दिसतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पानं नुकती रंगायला लागली होती. रंग बघायचे तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला या. या डोंगरांत नोव्हॅक्युलाइट नावाचा कठीण, बारीक कणांचा दगड सापडतो, ज्याच्या धार लावायच्या शिळा जगभर जातात. खालच्या दुकानात बाबांनी बराच वेळ हिंडून एक छोटी शिळा घेतली, गावच्या विळीसाठी. वजन बघून घ्या, परतीच्या बॅगेत तेवीस किलोंचा हिशेब असतो.

लेक वॉशिटा आम्ही फक्त धरणावरून बघितलं. चाळीस हजार एकरांचं पाणी आहे, बोटी मिळतात, त्यासाठी वेगळा दिवस हवा. गार्व्हन बागही राहिली.

रविवारी परतताना थोडी वाट वाकडी करून मर्फ्रीसबरोला थांबलो. इथे क्रेटर ऑफ डायमंड्स नावाचं राज्य सरकारचं पार्क आहे. एका जुन्या, झिजून गेलेल्या ज्वालामुखीच्या तोंडावरचं सदतीस एकर नांगरलेलं शेत; पैसे भरून आत जायचं, माती उकरायची आणि हिरा सापडला तर तुमचा. १९०६ मध्ये जॉन हडलस्टन नावाच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीत हिरे सापडले, १९७२ पासून सरकारकडे आहे. अमेरिकेत सापडलेला सगळ्यात मोठा हिरा, ४०.२३ कॅरटचा, इथलाच, १९२४ चा. बाबांना यातलं काहीच पटेना. "सापडला तर आपला? सरकार काही घेत नाही?" काउंटरवरच्या मुलीला त्यांनी माझ्याकरवी दोनदा विचारून घेतलं.

तिकीट माणशी पंधरा डॉलर. दिवसाला ठरावीक लोकच सोडतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन आधी काढा. फावडं, बादली, चाळण्या भाड्याने मिळतात, अनामत ठेवावी लागते. बॅटरीवर चालणारी अवजारं आत नेता येत नाहीत. जुने बूट घाला, सावली थोडीच आहे, टोपी हवी. पाऊस पडून गेल्यावर ऊन पडलं की हिरे वरच चमकतात म्हणून जाणकार तेव्हा येतात. आम्ही गेलो तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत होती. आईला खाली बसणं जमत नाही, पण धुण्याच्या हौदांपाशी उभं राहून चाळता येतं. मी बादलीने माती आणायची, तिने पाण्यात चाळण फिरवायची. तिला शिकवावं लागलं नाही. शेजारचा लाल दाढीवाला माणूस, दर महिन्याला येणारा, तिचा हात बघत उभा राहिला आणि मग आपली चाळण तशी फिरवून बघायला लागला.

दोन तासांत लाल जॅस्पर, गारा, कॅल्साइटचे तुकडे असं मूठभर जमलं. निघताना ओळख पटवायच्या टेबलावर सगळं ठेवायचं, तिथला माणूस एकेक बाजूला करतो. हिरा निघाला तर वजन करून प्रमाणपत्र देतात. आमच्यात नव्हता. आईने विचारलं, हे दगड तरी नेले तर चालतील का. चालतात.

घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. बाबांनी वहीत हिशेब मांडला: दोन रात्री, पेट्रोल, तिघांची स्नानं, टीप, हिऱ्यांचं शेत, जेवणं, शिळा धरून साडेसहाशे डॉलरच्या थोडं पुढे. त्यातलं क्वापॉ माझं एकटीचं, ते त्यांनी वेगळ्या ओळीत लिहिलं. आईचे गुडघे चार-पाच दिवस खरोखर हलके होते, नंतर होते तसे झाले. पाण्याने संधिवात बरा होतो असं कोणी सांगत असेल तर मी तसं सांगणार नाही.

हॉटेल बघताना एवढं ध्यानात ठेवा: गावात ओकलॉन हा घोड्यांच्या शर्यतींचा मोठा अड्डा आहे, आणि डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम असतो. तेव्हा शनिवार-रविवारी खोल्यांचे दर चढलेले असतात आणि स्नानगृहांबाहेर रांगही वाढते. आईबाबांचा व्हिसा त्या काळात पडत असेल तर बुधवार-गुरुवार धरा.